दोन सुपरचार्ज्ड बोट इंजिनांची फेरबांधणी: मोजमाप, खर्च आणि कामाच्या नोंदी

६ नोव्हेंबर: व्याप्ती आणि पहिला अंदाज

बोट एक, इंजिनं दोन. डावीकडचं पोर्ट, उजवीकडचं स्टारबोर्ड. दोन्ही ८.२ लिटरची बिग-ब्लॉक व्ही-८, म्हणजे ५०२ घनइंच, बोअर ४.४६६ इंच, स्ट्रोक ४ इंच. वर ३.३ लिटरचा ट्विन-स्क्रू सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) आणि ती हवा थंड करणारा, समुद्राच्या पाण्यावर चालणारा इंटरकूलर. मागच्या जुळणीनंतर ४१० तास झालेत. सुपरचार्जर बसवलेल्या बोट इंजिनाला हे तास कमी नाहीत. गाडीचं इंजिन पूर्ण ताकदीवर क्वचितच चालतं. बोटीत मात्र उतार नसतो, गिअर बदलताना मिळणारी उसंत नसते. प्रोपेलर सतत ओढतच राहतो.

लक्ष्य: प्रत्येकी ५२०० आरपीएमला ७०० हॉर्सपॉवर, ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर. त्या वेगाला टॉर्क सुमारे ९६० न्यूटन-मीटर येतो. यापुढची ताकद मागायची नाही असं आधीच ठरवलं. ८५० मागितली की क्रँक, ड्राइव्ह (इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा भाग), कपलर, इंधनपंप सगळंच बदलावं लागतं आणि खर्च दुपटीकडे जातो.

खर्च रकमेत न लिहिता भागांत लिहिला आहे. दोन्ही इंजिनांचा पहिला अंदाज म्हणजे १०० भाग:

- मशीन शॉप: १३
- क्रँक, रॉड, पिस्टन, रिंगा, बेअरिंग: २५
- हेड, व्हॉल्व, कॅम, लिफ्टर: २०
- सुपरचार्जर आणि इंटरकूलर: १२
- पाणी आणि एक्झॉस्ट: ११
- इंधन, इग्निशन, वायरिंग: ७
- गॅस्केट, तेल, फिल्टर, नटबोल्ट: ५
- डायनो (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) आणि पाण्यावरची चाचणी: ७

याशिवाय २० भाग राखीव. खोलणं आणि जुळणी घरचीच, त्यामुळे ती मजुरी यात धरलेली नाही. इंजिन न खोलता काढलेला अंदाज म्हणजे अंदाजच. खरा आकडा मायक्रोमीटर लावल्यावर येणार, म्हणून तोवर एकही भाग मागवायचा नाही.

११ नोव्हेंबर: इंजिनं बोटीत असतानाच्या चाचण्या

इंजिन बाहेर काढलं की काही पुरावे कायमचे जातात. म्हणून आधी लीक-डाउन, म्हणजे बंद सिलिंडरमध्ये सोडलेली हवा किती टक्के गळते ते पाहणं. प्रत्येक सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर) आणून १०० पीएसआय दाबाची हवा सोडली.

पोर्ट: सात सिलिंडर ८ ते ११ टक्क्यांत, ७ नंबर ४१ टक्के. हवा व्हॉल्व कव्हरच्या ब्रीदरमधून येते, म्हणजे रिंगा किंवा पिस्टन. स्टारबोर्ड: ६ नंबर २२, ८ नंबर २६, बाकी १० च्या आत. इथे फुसफुस एक्झॉस्टमधून ऐकू येते, म्हणजे व्हॉल्व बसत नाही. दोन इंजिनं, दोन वेगळे आजार.

तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) नोंदी उतरवून घेतल्या. पूर्ण थ्रॉटलला इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातल्या) हवेचं तापमान स्टारबोर्डला ५४ अंश, पोर्टला ८६. समुद्र तोच, सुपरचार्जर तोच, तरी ३२ अंशांचा फरक. ही ओळ तांबड्या शाईने लिहून ठेवली.

१९ नोव्हेंबर: इंजिनं बाहेर

आधी दोन्ही ड्राइव्ह उतरवले, कारण ड्राइव्हचा शाफ्ट इंजिनाच्या मागच्या कपलरमध्ये शिरलेला असतो. मग इंधन बंद, बॅटऱ्या बाहेर, प्रत्येक होज आणि कनेक्टरला चिठ्ठी. सुपरचार्जरसकट वजन अर्ध्या टनाच्या वर, म्हणून आधी सुपरचार्जर उतरवून मग उचललं. दोन्ही ड्राइव्ह एकाच जातीचे, आणि प्रोपेलर उलट फिरवायचं काम ड्राइव्हच्या आतच होतं. त्यामुळे दोन्ही इंजिनं एकाच दिशेने फिरतात. सुट्टे भाग एकमेकांना चालतात आणि साठा निम्म्यावर येतो.

२७ नोव्हेंबर: पोर्ट खोललं

७ नंबरच्या पिस्टनची पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली कड तुटलेली. स्पार्क प्लगच्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके, पिस्टनच्या माथ्यावर वाळू मारल्यासारखे खड्डे. ही डेटोनेशनची, म्हणजे मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याची, सही. तुटलेल्या तुकड्याने बोअरमध्ये २२ थाऊ खोल चर पाडली आहे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ५ नंबरलाही सुरुवात झालेली. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. म्हणजे शेजारी-शेजारी असलेले ५ आणि ७ लागोपाठ पेटतात, त्या कोपऱ्यात उष्णता साठते. डेटोनेशन व्हायचंच असेल तर पहिला बळी बहुधा ७ नंबर.

पण कारण ७ नंबरमध्ये नाही. इंटरकूलरची पाण्याची नळी सोडली तर आत रबराचे चार तुकडे, सी-पंपाच्या (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या) इम्पेलरची, म्हणजे आतल्या रबरी चाकाची, पाती. नळ्यांच्या तोंडावर अडकून पाण्याची वाट जवळपास निम्मी बंद. याआधी कधीतरी इम्पेलर फाटला, नवा बसवला गेला, पण तुटलेली पाती कुठे गेली ते कुणी मोजलं नाही. पाण्याच्या वाटेवर पंपानंतर पहिला थांबा इंटरकूलरचा, तेव्हा तुकडेही तिथेच थांबले. हवा गरम, मिश्रण गरम, आणि ठिणगीचं टायमिंग मात्र थंड हवेसाठी लावलेलं.

२ डिसेंबर: स्टारबोर्ड खोललं

६ आणि ८ नंबरच्या एक्झॉस्ट सीटवर (व्हॉल्व टेकतो त्या कडेवर) खड्डे, हेडमधल्या एक्झॉस्टच्या वाटेत तपकिरी गंज, ८ नंबरच्या बोअरमध्ये गंजाची आडवी रेघ. पाणी उलटं आत येत होतं. तेलाच्या अहवालातही सोडियम आणि मॅग्नेशियम दोन्ही चढलेले. ही जोडी समुद्राच्या पाण्याची. सोडियमबरोबर पोटॅशियम चढलं असतं तर कूलंटवर संशय घेतला असता.

पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यापुढच्या उंच वळणाच्या नळीवर, रायझरवर. दोन्ही बंद करून १५ पीएसआय हवेने पाण्यात बुडवून पाहिले, बुडबुडा नाही. मग कॅमचं (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचं) मापांचं कार्ड काढलं: ५० थाऊ उचलीला व्हॉल्व उघडा राहण्याचा कालावधी इनटेक २४८, एक्झॉस्ट २५६ अंश, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधला कोन) १०८. ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व एकत्र उघडे राहण्याचा, हिशोब असा: दोन्ही कालावधींची बेरीज भागिले ४, वजा लोब सेपरेशन, गुणिले २. (५०४ ÷ ४ − १०८) × २ = ३६ अंश. शर्यतीच्या गाडीला हे चालेल. ओल्या एक्झॉस्टच्या बोटीत कमी वेगाला दोन्ही व्हॉल्व इतका वेळ एकत्र उघडे राहिले, की इनटेक मॅनिफोल्डमधल्या निर्वातामुळे एक्झॉस्टमधला वायू मागे ओढला जातो आणि सोबत पाण्याचा फवारा आणतो. सर्वांत मागचे सिलिंडर पाणी मिसळण्याच्या जागेला सर्वांत जवळ, म्हणून ६ आणि ८. पोर्टला तोच कॅम असूनही तिथे गंज पुसट दिसतो. बंदरात रांगत जाताना फक्त स्टारबोर्ड चालू ठेवलं जायचं, त्याचा हा परिणाम.

१० डिसेंबर: ब्लॉकची मापं

आधी गरम टाकीत धुलाई, चुंबकीय चाचणी, मगच मापं. दोन्ही ब्लॉक आणि दोन्ही क्रँक तडे न जाता पास झाले. पोर्टचा ७ नंबर रॉड वाकलेला निघाला.

बोअर ४.५०० इंच करायचा, म्हणजे व्यासात ३४ थाऊ, एका बाजूला १७. स्टारबोर्ड ८ नंबरमधले खड्डे १२ थाऊ खोल, ते या कापात निघून जातील. पोर्ट ७ नंबरची चर २२ थाऊ, ती निघणार नाही. पर्याय दोन: सोळाही सिलिंडर आणखी मोठे करायचे, किंवा त्या एकाला स्लीव्ह (आतून बसणारी नवी नळी) घालायची. अल्ट्रासॉनिक मापात सर्वांत पातळ भिंत ५.८ मिमी आली. सुपरचार्जरखाली पिस्टन रेटतो त्या बाजूला ५ मिमीच्या खाली जायचं नाही असं ठरवलेलं, त्यामुळे जास्त बोअर म्हणजे सोळा भिंतींशी जुगार. स्लीव्ह घालायची: खालच्या टोकाला पायरी ठेवून, घट्ट दाबून, आणि डेकचा (हेड बसतं त्या वरच्या सपाट भागाचा) कट त्यानंतर. आधी डेक कापून मग स्लीव्ह घातली तर तिची कड वर-खाली राहते आणि गॅस्केट तिथेच फुटतं.

१५ डिसेंबर: दुसरा अंदाज

मशीन शॉप १३ वरून १७ (स्लीव्ह, मेन बेअरिंगच्या भोकांचं लाइन होन, हेडचा ताण देऊन बोअर घासण्याची टॉर्क प्लेट). फिरता संच २५ वरून २१, कारण क्रँक पॉलिशवर निभावले. हेड आणि कॅम २० वरून २५. सुपरचार्जर-इंटरकूलर १२ वरून १५. पाणी-एक्झॉस्ट ११ वरून १४. इंधन-इग्निशन ७ वरून ९. गॅस्केट ५ आणि डायनो ७ जैसे थे. बेरीज ११३. राखीव २० पैकी १३ गेले, हातात ७.

पैसे कमी पडले की पहिली कात्री डायनोवर चालते. इथे ती चालवायची नाही. डायनोवर सापडलेली चूक म्हणजे दोन तासांचं काम, आणि तीच चूक बोटीत सापडली तर पुन्हा ड्राइव्ह उतरवण्यापासून सुरुवात.

२२ डिसेंबर: बूस्ट आणि कॉम्प्रेशनचा हिशोब

४.५०० बोअरला इंजिन ५०९ घनइंच, ८.३४ लिटर. फोर-स्ट्रोक असल्याने एका फेऱ्यात ४.१७ लिटर हवा लागते. क्रँक पुली ७ इंच, सुपरचार्जरची ३.७५ इंच, गुणोत्तर १.८७. म्हणजे सुपरचार्जर एका फेऱ्यात ३.३ × १.८७ = ६.१६ लिटर ढकलतो. ६.१६ ÷ ४.१७ = १.४८, म्हणजे बूस्ट (वातावरणापेक्षा जादा हवेचा दाब) साधारण ७ पीएसआय. गळती आणि तापमानाने हा आकडा थोडा हलतो, पण पुली मागवायला एवढं पुरतं. ५२०० ला सुपरचार्जर ९७०० च्या आसपास फिरेल.

कॉम्प्रेशन (पिस्टन वर गेल्यावर मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.०. बूस्ट धरून परिणामी ८.० × १.४८ = ११.८. इंटरकूलर निरोगी असेल तर या पेट्रोलला झेपतं.

पिस्टनची वाटी किती? सिलिंडर १०४२.५ सीसी, ८.० साठी वरची जागा १०४२.५ ÷ ७ = १४८.९ सीसी. त्यातून हेडचा चेंबर ११८, गॅस्केट (४.५४ इंच बोअर, ४० थाऊ जाड) १०.६, डेकखाली ५ थाऊ म्हणजे १.३ वजा. उरतात १९ सीसी. तेवढी वाटी असलेले २६१८ मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन. ४०३२ कमी फुगतो आणि आवाजही कमी करतो, पण डेटोनेशनचा फटका बसला तर आधी तडकतो.

९ जानेवारी: खरेदी

क्रम: आधी पिस्टन, कारण बोअरचं शेवटचं माप हातातल्या पिस्टनवरून ठरतं. मग कॅम आणि लिफ्टर, मग व्हॉल्व. गॅस्केट शेवटी.

इंजेक्टर: हॉर्सपॉवरमागे ताशी २७२ ग्रॅम इंधन धरलं. बूस्टखाली मिश्रण दाट ठेवायचं असल्याने हा आकडा मुद्दाम सढळ आहे. ७०० साठी १९० किलो, म्हणजे ताशी २५७ लिटर. आठांत भागून मिनिटाला ५३६ सीसी, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांपलीकडे उघडा ठेवायचा नसेल तर ६३०. ६६० सीसीचे घेतले. पंप प्रत्येक इंजिनाला ताशी ३०० लिटर देणारा हवा, तोही रेलच्या दाबात बूस्टचे ७ पीएसआय मिळवून. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बहुतेकदा कमी दाबाचा असतो. तक्ता पाहूनच घ्यावा.

स्टार्टर, अल्टरनेटर आणि इंधनपंप एसएई जे-११७१ या मानकाप्रमाणे ठिणगी बाहेर न पडू देणारेच. गाडीचे दिसायला तेच आणि स्वस्त असतात, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. एका ठिणगीत बोट जाते. इथे काटकसर करणाऱ्याला इंजिनखोलीत पाऊल टाकू देऊ नये.

वेल्श प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांची बुचं) पितळी. हेड ओतीव लोखंडाचीच ठेवली. ॲल्युमिनियमच्या हेडमुळे वजन घटलं असतं, पण खाऱ्या पाण्याचा एक थेंबही जाकिटात गेला तर ती आतून पोखरतात.

२ फेब्रुवारी: मशीन शॉपमधून परत

सगळं पुन्हा मोजलं. शॉपच्या चिठ्ठीवरचा आकडा हा त्यांचा, जुळणीच्या वहीत आपला हवा.

पिस्टन आणि भिंतीतलं अंतर ७.५ थाऊ. गाडीवाल्याला हे ढिलं वाटेल. पण बोटीत भिंती थंड राहतात आणि पिस्टन सलग अर्धा तास पूर्ण भाराखाली तापतो. भिंत फुगत नाही, पिस्टन फुगतो. सकाळी थंड इंजिन खडखडणार, गरम झाल्यावर गप्प होईल.

पहिल्या रिंगेचा गॅप बोअरच्या प्रत्येक इंचाला ६ थाऊ, म्हणजे २७. दुसरीचा ३०. दुसरी मोठी ठेवायची, नाहीतर मधे अडकलेला दाब पहिल्या रिंगेला उचलतो. कानस नेहमी बाहेरून आत, मग कडेची बूर दगडाने काढायची. टोकं एकमेकांना टेकली की रिंग भिंतीत रुतते आणि कड पुन्हा तुटते.

मेन बेअरिंग २.८ ते ३.१ थाऊ, रॉड २.५ ते २.७. स्टारबोर्डचं ३ नंबर मेन मात्र २.१ भरलं. एक अर्धी शेल एक-थाऊ जादा मोकळीकीची घातली, २.६ झालं. एवढ्यासाठी क्रँक पुन्हा घासणं म्हणजे डास मारायला तोफ.

१६ फेब्रुवारी: हेड आणि कॅम

नवा कॅम: २३६/२४४, लोब सेपरेशन ११४. ओव्हरलॅप (४८० ÷ ४ − ११४) × २ = १२ अंश. वरच्या वेगातली थोडी हवा गेली, ती सुपरचार्जर भरून काढतो. हायड्रॉलिक रोलर लिफ्टर. सॉलिड रोलरचे सुईबेअरिंग लांब चालीत टिकत नाहीत आणि तुटले की कॅमसकट जातात.

एक्झॉस्ट व्हॉल्व इन्कोनेलचे, सीट ८० थाऊ रुंद. अरुंद सीट जास्त हवा देते, पण व्हॉल्वची उष्णता हेडमध्ये जाण्याचा मुख्य रस्ता सीटच आहे. स्प्रिंग निवडताना बूस्ट विसरू नये: २.२५ इंची इनटेक व्हॉल्वच्या पाठीवर ७ पीएसआय म्हणजे २८ पौंड उघडण्याच्या दिशेने. तेवढा बंद-दाब जास्त घेतला. पिस्टनवर मऊ माती ठेवून मोजलेलं व्हॉल्व-पिस्टन अंतर: इनटेक ९५ थाऊ, एक्झॉस्ट ११८. पुरेसं.

१ मार्च: पाण्याची वाट

क्रम तोच ठेवला: गाळणी, सी-पंप, इंटरकूलर, ऑइल कूलर, हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्ट. नवीन एवढंच, की पंप आणि इंटरकूलरच्या मधे उघडून साफ करता येईल अशी जाळी. दोन्ही इंटरकूलर २ बार हवेवर अर्धा तास पाण्याखाली ठेवले. पोर्टचा जुना गाभा नाहीतरी बाद केला होता, पण स्टारबोर्डच्या ठीक दिसणाऱ्या गाभ्यातून बुडबुड्यांची एक बारीक साखळी निघाली. इथली गळती म्हणजे मीठपाणी थेट इनटेकमध्ये. दुसरा गाभा घेतला: राखीवातून २ भाग. हातात ५. जस्ताचे ॲनोड (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) नवे.

२२ मार्च: डायनो

ड्रिलने तेलपंप फिरवून सगळ्या रॉकरांपर्यंत तेल आल्याशिवाय ठिणगी दिली नाही. पहिली ३० मिनिटं बदलत्या हलक्या भारावर, मग तेल काढून फिल्टर कापला. असेंब्लीचं वंगण आणि थोडी चमक, तुकडे नाहीत.

टायमिंग २८ अंश, बूस्टखाली हवा-इंधन ११.६, प्लगचा गॅप २८ थाऊ. एक्झॉस्ट बोटीतलंच लावलं, नाहीतर आकडे खोटे. स्टारबोर्ड: ५२०० ला ७०६. पोर्ट: ६८१, आणि ४८०० च्या वर बूस्ट ७ वरून ६.२ वर घसरतो. गळती शोधण्याआधी बेल्ट पाहिला. पुलीखाली काळी भुकटी, बेल्ट सरकतोय. ३.७५ इंची पुलीला बेल्टचा वेढा कमी पडत होता. आयडलर सरकवून वेढा वाढवला: ७०२. मॅनिफोल्डची हवा दोन्हीकडे ५० अंशांच्या आसपास. आयडलरचा ब्रॅकेट अर्धा भाग.

१२ एप्रिल: बसवणी आणि पाणी

अलाइनमेंट बार कपलरमध्ये हाताने सरकेपर्यंत पुढचे माउंट वर-खाली केले. हातोडीने जाणारा बार म्हणजे शंभर तासांत गेलेला कपलर.

पाण्यावर, पूर्ण टाक्यांसह: दोन्ही ५१०० ला पोचतात, प्रोपेलर बरोबर. हवेचं तापमान पोर्ट ५१, स्टारबोर्ड ५०. बंदरात आता दोन्ही इंजिनं चालू ठेवून रांगायचं. दहा तासांनी मागचे चार प्लग काढून पाहिले: ६ आणि ८ कोरडे, ५ आणि ७ वर ठिपके नाहीत.

एकूण खर्च ११५.५ भाग. राखीवातल्या ४.५ पैकी १ भाग सी-पंपाच्या चार इम्पेलरांवर आणि गॅस्केटवर. ते बोटीतच राहतील. प्रत्येक नव्या इम्पेलरच्या पात्यांची संख्या पंपाच्या झाकणावर रंगाने लिहिली आहे. जुना काढताना पाती कमी भरली, तर जाळी उघडून ती सापडल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. लीक-डाउन ५० तासांनी, व्हॉल्व स्प्रिंग १०० तासांनी.